हातचा एक

"सर, माझं चुकलं कुठे?" पहिल्या बाकावरची मुलगी पेपर घेऊन थेट फळ्यापाशी आली.

कॉलेजच्या कॅल्क्युलसच्या वर्गात कॅल्क्युलेटर नुसता दिसला तरी सर आकाशपाताळ एक करायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाढेसर पाडलं होतं. चाचणीच्या शेवटच्या गणितात त्यांनी जवळजवळ अख्ख्या वर्गाला भोपळा दिला होता. एकट्या मागच्या बाकावरच्या उंच मुलाचं उत्तर सरांच्या उत्तराशी जुळलं होतं. त्याला आत्ताच उभं करून ते म्हणाले होते, "बघा, डोकं वापरलं की येतं!"

"उत्तर फळ्यावर आहे, बघ."

"पण सर, आकृती काढली तर वक्राखालचं क्षेत्रफळ जवळजवळ अर्धं येतंय. तुमचं तर शून्याला टेकलंय."

सरांनी आकृती पाहिली. तिचं बरोबर होतं. हल्ली बेरजेत त्यांचा हातचा सुटायचा. म्हणून घरी, दार लावून, त्यांनी नातीचा कॅल्क्युलेटर वापरला होता. कोन रेडियनमध्ये मोजायचा होता, पण कॅल्क्युलेटर अंशांवरच राहिला होता. हाताने करणाऱ्याकडून ही चूक होणंच शक्य नव्हतं. म्हणजे मागच्या बाकावरच्यानेही... त्यांनी वर पाहिलं. पोराने मान खाली घातली होती, कान लालबुंद झाले होते. सरांचेही झाले असावेत.

लिहिताना चूक झाली, एवढं म्हणून सुटता आलं असतं. तसं जिभेवर आलंही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"तुझं बरोबर आहे," ते वर्गाकडे वळले. "तुम्हा सगळ्यांचं. मी उत्तर कॅल्क्युलेटरवर काढलं होतं. तेही चुकीचं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. उंच मुलगा अर्धवट उठला. "सर, मी पण..."

"बस खाली. आपण दोघं नंतर बोलू."

त्यांनी खडू घेतला आणि गणित पहिल्यापासून मांडलं. शेवटी बेरीज आली.

"तीन आणि नऊ बारा, दोन लिहिले. तीन आणि आठ अकरा..." एक लिहून खडू थांबला. काहीतरी राहिलं होतं, पण काय ते आठवेना.

मुलगी अजून शेजारीच उभी होती. "सर," ती त्यांच्यापुरतंच पुटपुटली, "हातचा एक."

सरांनी लिहिलेला एक बोटाने पुसला आणि तिथे दोन लिहिले.