वांक नव्हता

“बस थांब्यावर उभी होती ना, काका?” दुर्गाने विचारलं.

“होती.” पिलाजीरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय लांब केला. गुडघा आता फार वेळ दुमडून ठेवता येत नसे. “माणसं उतरत होती. मी बाजूने हळूच काढली गाडी. तेवढ्यात बसच्या पुढून तो स्कूटरवाला आडवा घुसला. उलट्या बाजूने! पोलिसांनीपण लिहिलंय, वांक त्याचा, चूक त्याचीच.”

“हळूच काढली, पण ब्रेकवर पाय होता?”

पिलाजीराव गुडघा चोळू लागले.

“दुर्गाबेन, जवा दो ने, सोडा आता!” मॅनेजर अविनाश कंटाळून म्हणाले. “अटळ अपघात म्हणा आणि संपवा. स्कूटरवाल्या पोराचा पाय मोडलाय, तो जुळेल. त्याच्या घरचेसुद्धा काकांना दोष देत नाहीत.”

बडोद्याच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत प्रत्येक अपघातानंतर अशी बैठक होई. वांक कोणाचा, ते पोलीस बघत. इथे प्रश्न एवढाच, की आपल्या ड्रायव्हरला तो टाळता आला असता का? ते ठरवणं सेफ्टी ऑफिसर म्हणून दुर्गाचं काम. आणि नियम असा, की टाळता येण्याजोगा अपघात ज्याच्या नावावर, त्याला नव्या ड्रायव्हरांना शिकवण्याची जागा मिळत नाही. ती जागा यंदा पिलाजीरावांचीच, असं सगळे धरून चालले होते. लांबचा रस्ता सुटला असता, गुडघ्याला आराम पडला असता, रोज वासणा भागातल्या आपल्या घरी पाठ टेकता आली असती.

दुर्गा नवी आली तेव्हा यार्डातले ड्रायव्हर खदाखदा हसले होते. बाई आम्हांला ट्रक शिकवणार! पिलाजीरावांनी मात्र तिला ट्रकच्या केबिनमध्ये बसवून सावली गावापर्यंत नेलं होतं. उंच काचेतून अगदी नाकासमोरचं माणूस कसं दिसत नाही, भरलेली गाडी ब्रेक मारल्यावरही कशी रेटत जाते, सगळं पोटच्या पोरीला सांगावं तसं सांगितलं होतं.

म्हणून तर काल ती सावली गावाच्या रस्त्यावर, अपघात झालेल्या त्या थांब्यावर जाऊन उभी राहिली होती. काकांना सोडवणारं काहीतरी सापडावं म्हणून. पण बस आली की उतरलेली माणसं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडत होती. दर बसला तेच. एक बाई तर कडेवरचं लेकरू सावरत, इकडेतिकडे न बघता तशीच पुढे आली. बसशेजारून निघालेल्या टेम्पोवाल्याने मात्र वेग आधीच कमी केला होता. तो अलगद थांबला. लेकरू त्याच्याकडे बघून हसलं.

“काका,” ती आता म्हणाली, “वांक तुमचा नाही. हे मी कुणापुढेही सांगेन. पण उभ्या बसपुढून कुणीतरी निघणारच. पाय ब्रेकवर असता तर गाडी थांबली असती. अपघात टाळता येण्याजोगा होता.”

“म्हणजे एकच झालं की!” पिलाजीराव उसळले. “वांक नाही, पण शिक्षा आहे! दुर्गाताई, मी काय दारू पिऊन चालवत होतो?”

“नाही.”

“तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर एका शब्दात सोडलं असतं मला.”

“हो. आणि पुढच्या ड्रायव्हरने बसशेजारून अशीच गाडी काढली असती.”

‘टाळता येण्याजोगा’ हा शब्द तिने बदलला नाही. पिलाजीराव उठले आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

“बहु कडक, बेन,” अविनाश पुटपुटले.

संध्याकाळी घरी निघताना दुर्गाची पावलं यार्डाच्या कोपऱ्यावर अडखळली. चहाच्या टपरीपाशी ड्रायव्हरांचा घोळका होता. तिच्याकडे त्यांची पाठ होती.

“केम काका, बेनने तुमचाच वांक काढला ने?” एकजण म्हणाला. “त्यांचं काय जातंय! एसीत बसून ट्रक चालवायचा!”

सगळे हसले. पिलाजीरावांनी पेला खाली ठेवला.

“वांक नाही काढला. मी ब्रेकवर पाय ठेवला असता तर त्या पोराचा पाय वाचला असता, एवढंच म्हणाली. खरंच आहे ते.” ते सगळ्यांकडे वळले. “तुम्हीपण ऐकून ठेवा. उभी बस दिसली की आधी ब्रेक. मग बाकीचं.”

हशा विरला. कोणीतरी बाकावर सरकून जागा केली, पण ते बसले नाहीत. इंदूरची गाडी भरून उभी होती. केबिनची दांडी धरून त्यांनी आधी चांगला पाय पायरीवर रोवला, मग दुसरा हाताने उचलून वर घेतला. दुर्गा पुढे धावली नाही. दार लागेपर्यंत ती तिथेच, खांद्यावरची पर्स घट्ट धरून उभी राहिली.