पाहुण्यासाठी झाडलेली बाग

आमच्या चर्चमध्ये पाद्री बोलत असताना मागच्या बाकावरची एखादी म्हातारी खुशाल गायला लागते. पाद्री थांबतो. तो जी गोष्ट सांगत असतो तीच ती सुरात घेते, त्यात आपले चार शब्द घालते, बाकीचे पालुपद धरतात, आणि गाणं ओसरलं की पाद्री पुढं बोलू लागतो. यात कुणाचा अपमान नाही. उलट बोलणारा अडखळला, मनातलं ओठावर येईना, की गाऊन त्याला सावरायचं असतं. मी किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या घरातला, पण या एका सुखासाठी कोकोच्या रानात इतकी वर्षं राहिलो असं म्हटलं तरी चालेल. सरकारची नोकरी होती, ती निमित्ताला.

अराबा आजीचा गळा गावात पहिला. वय सत्तरीच्या पुढं, कंबर वाकलेली, पण सूर लागला की बाई सरळ उभी राहायची. ओढ्यापलीकडची आपली कोकोची चाळीस झाडं तिनं टिंडल साहेबांना दिली होती. दिली म्हणजे जशीच्या तशी ठेवायला दिली. टिंडल साहेब सरकारी कीटक-अभ्यासक, मी त्यांचा मदतनीस. आमच्या कोकोवर अकाते नावाचा किडा पडतो. कोवळ्या फुटव्यात सोंड खुपसून तो रस पितो. तिथं काळा डाग पडतो आणि फांदी शेंड्याकडून वाळत येते. हा किडा किती, कधी आणि कुठं वाढतो ते शोधायला लंडनच्या सरकारनं तीन वर्षांची मदत मंजूर केली होती. म्हणून त्या चाळीस झाडांना कुणी हात लावायचा नाही. तण काढायचं नाही, पाचोळा हलवायचा नाही, किडा मारायचा नाही. दर बुधवारी सकाळी मी हात पुरेल तिथवर एकेक झाड तपासायचो नि आकडा सांगायचो. साहेब तो वहीत लिहायचे. प्रत्येक झाडाला तारेनं अडकवलेला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर.

“पोटची पोरं उपाशी ठेवावी तशी झाडं ठेवलीस की गं,” शेजारणी आजीला टोचायच्या.

“कुएकूनं मागितली,” आजी म्हणायची. साहेबांनी एकदा आपण बुधवारी जन्मलो असं सांगितलं होतं, आणि आमच्यात बुधवारी जन्मलेल्या मुलाला कुएकू म्हणतात, तेव्हापासून ते तिचे कुएकू झाले होते. “तीन तासांचं प्रवचन डुलकी न काढता ऐकणारा दुसरा गोरा आणा, त्यालाही देते.”

तिसरं वर्ष संपत आलं आणि लंडनहून पत्र आलं. आमच्या वह्यांत किडे अगदी थोडे आणि बागांचं नुकसान मात्र प्रचंड, हे काही जुळत नव्हतं. इतक्या थोड्या किड्यांसाठी सरकारनं खर्च का करावा, असा सवाल होता. ऑल्ड्रिज नावाचे अधिकारी सोमवारी स्वतः बाग बघणार होते. त्यांना पटलं तर मदत पुढं चालणार, नाहीतर आमच्या संशोधन केंद्राला कुलूप आणि साहेब परत मायदेशी. साहेबांचं जेवण सुटलं. मीच आजीला जाऊन सांगितलं, “आजी, सोमवारी लंडनचा मोठा माणूस तुझी बाग बघायला येतोय. कुएकूचं सगळं त्याच्या हातात आहे.”

इथवर सांगितलं. बागेला हात लावू नकोस, हे तिला तीन वर्षं माहीत होतं, म्हणून पुन्हा सांगितलं नाही. पाहुणा येतोय म्हटल्यावर आमच्या बाया काय करतात, हे मी विसरलो.

शुक्रवारी साहेब आणि मी पाहुण्याला आणायला बंदरावर गेलो. शुक्रवारी आमच्याकडे जमिनीला विसावा, कुणी कोयता धरत नाही. शनिवार मात्र मोकळा होता.

सोमवारी सकाळी आमची लॉरी ओढ्याशी थांबली. बागेच्या तोंडाशी दोरी बांधलेली, आणि त्या दोरीवर चाळीस बिल्ले लिंबानं घासून, चकचकीत करून तोरणासारखे टांगलेले. दोन्ही बाजूंना ठेवणीतली वस्त्रं नेसलेल्या बाया. आत पाचोळ्याचं एक पान नाही, भुईवर खराट्याच्या रेघा. वाळक्या फांद्या छाटून बाजूला रचलेल्या. इतकी देखणी कोकोची बाग मी जन्मात पाहिली नव्हती.

“आलास कुएकू? बघ,” आजी म्हणाली.

साहेबांनी टोपी काढली. “आजी, अकाते कुठायत?” त्यांना आमची बोली चांगली यायची.

“एक नाही ठेवला. तुम्ही दोघं बाप्ये तीन वर्षं नुसते मोजत बसलात. आम्ही शनिवारी दिवसभरात संपवले.”

“काय केलं त्यांचं?”

“कोंबड्यांना घातले. त्यांनी वास घेऊन तोंड फिरवलं. मग जाळले.”

साहेब पांढरे पडले. गोऱ्या माणसाला आणखी पांढरं होता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऑल्ड्रिज साहेबांनी चष्मा पुसला. “हीच का प्रयोगाची बाग?”

“हो, सर,” टिंडल साहेब म्हणाले. “या चाळीस झाडांवर आम्ही तीन वर्षं...” आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “तीन वर्षं आम्ही...” पुढं शब्दच फुटेना.

बाकी कुणाला काय दिसलं ते मला माहीत नाही. आजीला एवढंच दिसलं की बोलणारा अडखळला. ती सरळ उभी राहिली आणि तिनं सूर लावला.

“ओढ्याकाठचं झाड माझ्या आईनं लावलं. एकुवा चढली. हाताशी काही नाही, पहिल्या फाट्याला काही नाही. शेंड्याच्या लाल पानांत ओंजळ भरली.”

“ओंजळ भरली,” बायांनी पालुपद धरलं, “ओंजळ भरली.”

“त्याच्या शेजारचं झाड माझ्या बहिणीनं लावलं. मानसा चढली. हाताशी दोन होते. शेंड्यात टोपलीचा तळ झाकला.”

“तळ झाकला, तळ झाकला.”

आमच्या बाया काम करताना अशाच गातात. वर चढलेली बाई जे दिसेल ते ओरडून सांगते, खालच्या ते गाण्यात घेतात. शनिवारी दिवसभर त्यांनी तेच केलं होतं, आणि आजीला त्यातलं झाडन् झाड पाठ होतं. मी पाहुण्याला इंग्रजीत सांगत होतो. पाचव्या झाडापाशी माझं तोंड चालू राहिलं, पण मन जागच्या जागी थांबलं. हाताशी काही नाही, शेंड्यात ओंजळ. तीन वर्षं आम्ही हात पुरेल तिथवरच पाहिलं होतं. चढून बघावं असं ना मला सुचलं, ना साहेबांना. मी टिंडल साहेबांकडे पाहिलं, तर ते झाडाच्या खोडावर वही टेकवून भराभर लिहीत होते.

ऑल्ड्रिज साहेबांनी मध्येच बोट वर केलं. “तिला विचारा, झाडावर चढलेली बाई किती उंच गेली होती?”

आजीनं त्या बोटाकडे पाहिलं आणि गात राहिली. चाळीस झाडं संपल्यावरच थांबली. मग मला म्हणाली, “मोठा माणूस म्हणालास ना? चालत्या गाण्यात बोट वर करतो. लहानपणी कुणी चर्चला नेलं नाही वाटतं.”

“काय म्हणते?” पाहुण्यांनी विचारलं.

“आता विचारा म्हणते, सर.”

“गाणं छान आहे,” ते म्हणाले, “पण मला ते लंडनला नेऊन दाखवता येणार नाही. जवळ न झाडलेली एखादी बाग आहे?”

होती. टेकाडामागं कोजो बेडूची बाग होती, आणि कोजोनं लग्नानंतर कोयता हातात घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्या आळसाबद्दल मी मनोमन देवाचे आभार मानले. सगळे तिकडे गेलो. पहिल्या झाडावर हात पुरेल तिथवर मी शोधलं, दोन किडे. मग तीन लेकरांची आई असलेली एकुवा कमरेला वस्त्र खोचून वर गेली. टोपली खाली आली ती पाहुण्यांनीच झेलली. सदतीस. दुसऱ्या झाडावर खाली एक, वर एकोणतीस. तिसऱ्या वेळी ऑल्ड्रिज साहेबांनी कोट काढून कोजोकडे दिला आणि बुटांसह पहिल्या फाट्यापर्यंत चढले. त्यांना वर ढकलायला आम्ही चौघं लागलो. एकुवानं शेंड्यातून काढलेले किडे त्यांनी तिथंच स्वतः मोजले. उतरल्यावर टिंडल साहेबांशी तासभर बोलत बसले. आजीनं दोघांना डोकोनो, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा वाढला, आणि पाहुणा बोटं चाटून खातोय असं पाहिल्यावर त्याच्यावरचा तिचा राग गेला.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मदत चालू, पण पाच वर्षं मागितली होती तिथं दोनच मिळाली. शेंड्यापर्यंत मोजायचं, त्यासाठी चढणाऱ्या बायांना कामावर घ्यायचं, आणि सुरुवात पहिल्यापासून करायची. जुन्या वह्या तेवढ्या अर्धवट ठरल्या. हे सांगायला साहेब आजीकडे गेले, मी बरोबर होतो. झाडं पुन्हा मागायची होती, ते त्यांना जड जात होतं.

“दोन वर्षं,” आजी म्हणाली. “कोकोचं रोप फळाला यायला पाच लागतात. लंडनमध्ये कोको लावत नाहीत का रे?”

“नाही, आजी.”

“तरी म्हटलं.”

साहेब बऱ्याच महिन्यांनी हसले. आजीनं त्यांना हसू दिलं, मग दाराबाहेर डोकं काढून हाक मारली, “एकुवा, टोपली घे. कुएकूकडे वेळ थोडाय.”