उथळ मार्ग

तिने चाचणीच्या खड्ड्याच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि हात मनगटापर्यंत आत गेला. जिथे खडक लागायला हवा होता तिथे गार, भुसभुशीत माती होती, आणि तिच्यातून पाणी झरत होतं. मुकादमाने दंड धरून तिला मागे ओढलं.

"मॅडम, आधी वर चला. बोलायचं ते वर गेल्यावर."

ती शिडी चढून बाहेर आली. वर गल्ली होती. एकमेकांना टेकून उभी असलेली जुनी घरं, दोरीवरचे ओले कपडे, पायरीवर भाजी निवडणारी बाई. या घरांच्या पोटाखालून शहराची भुयारी रेल्वे जायची होती. मार्ग दोन होते. उथळ बोगदा स्वस्त, खोल बोगदा जवळपास दुप्पट महाग. दोन्हींच्या खर्चाचा अंदाज तिनेच काढला होता, आणि आज मुख्य अभियंते उथळ मार्गावर सही करणार होते.

चिखलाच्या बुटांनीच ती त्यांच्या खोलीत शिरली.

"सर, खाली खडक नाही. उथळ खणलं तर वरची घरं खचतील."

"एका खड्ड्यावरून?" ते खिडकीशी उभे होते. "अहो, खोल गेलो तर पैसा अर्ध्या वाटेतच संपेल. मग कसली रेल्वे? लोकांनी जन्मभर बसच्या दाराला लोंबकळायचं का?"

तेही खरंच होतं.

"घाबरून कामं होत नाहीत. जा, हात धुऊन या."

तिने नळाखाली हात धुतले. परत आली तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. ते फोनवर भावाशी दबक्या आवाजात बोलत होते.

"आईला आजच्या आज त्या गल्लीतून काढ, तुझ्याकडे ने. सामानाचं नंतर बघू. अरे, सांगतो तेवढं ऐक ना! आणि शेजारीपाजारी काही बोलू नकोस."

ते वळले. ती दारातच होती.

"आईचे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "जिना चढवत नाही तिला."

"हो सर." ती आत आली. "आणि शेजाऱ्यांचं?"

ते खुर्चीचा हात चाचपत हळूच खाली बसले.

"खोल मार्गाचा आकडा पुन्हा सांगा."

तिने सांगितला. तो मघाशी होता तेवढाच मोठा होता. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला.