तोंड बांधलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. अख्ख्या दक्षिण गोबीत माझ्यासारखा आवाज नाही. मी एकदा ओरडलो की योलच्या दरीतले कडे तीन-तीनदा ओ देतात. आता खरं सांगायचं तर ते कडे कुणालाही ओ देतात. मागच्या उन्हाळ्यात एक बोकड शिंकला, त्यालाही दिली. पण बोकड आत्मवृत्त सांगायला बसत नाही आणि मी बसलोय, एवढा फरक धरा.

माझा जन्म व्होल्गा नदीकाठच्या एका कारखान्यातला. पावाच्या लादीसारख्या दिसणाऱ्या करड्या गाडीच्या जाळीमागे मला दोन बोल्टांनी आवळलं आणि गाडीसकट मंगोलियात धाडलं. पहिला मालक गुरांचा सरकारी डॉक्टर. तो मला मेंढ्या हटवायला वाजवायचा. मेंढ्यांना वाटायचं मीठ वाटायची गाडी आली. त्या हटायच्या सोडून चारी बाजूंनी धावत यायच्या. डॉक्टर बिचारा टपावर चढून बसायचा. त्या दिवसापासून मला माणसांची गंमत करायची चटक लागली.

डॉक्टर बदलून गेला आणि गाडी एका शाळेच्या आवारात चाकांविना पडून राहिली. माझं शिक्षण तिथलंच, खिडकीबाहेरून. बेरीज पक्की झाली. वजाबाकी सुरू होणार तेवढ्यात दामदिनने गाडी विकत घेतली, म्हणून मला अजूनही कुठलीच गोष्ट कमी करता येत नाही. बोलणं तर नाहीच.

सगळे त्याला मानाने दामदिन ग्वाई म्हणतात. मी नुसता दामदिन म्हणतो, कारण त्याच्या पोटातल्या सगळ्या शिव्या त्याने माझ्यावरच संपवल्यात. त्याला कारणही आहे. माझी एक वायर सैल आहे. डावं वळण आलं की कधीकधी मी आपणहून वाजतो. दामदिन झुडपामागे बसलेला असला आणि वाऱ्याने गाडी हलली, तरी वाजतो. एकदा लग्नाच्या वरातीत सगळे मुलीच्या आईला निरोप देत रडत होते, तेव्हा वाजलो. ते मात्र वायरीमुळे नव्हतं.

हल्ली आम्ही पाहुणे फिरवतो. सकाळी दालानझादगाद गावाहून निघायचं, योलची दरी दाखवायची, वाटेतल्या उंच टोकांवरून वाळवंट दाखवायचं, आणि सूर्य बुडताना बायनझागच्या लाल कड्यावर नेऊन उभं करायचं. सगळं एका दिवसात. माणसं फार लांबून इथली शांतता बघायला येतात आणि येताना ती बुजवायला पुरेल इतकं बोलणं बरोबर आणतात. कडा आला की कड्याकडे पाठ करून उभी राहतात आणि दात दाखवतात. कड्याने काय बघावं, दात?

पण मला आज सांगायचंय ते माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल. आयुष्यभर खोड्या केल्या, त्यांची शिक्षा कधी झाली नाही. झाली ती जे केलंच नाही त्याची.

त्या दिवशी दोनच पाहुणे होते, कोरियाचं म्हातारं जोडपं. मेंग मास्तर जन्मभर स्टेशनमास्तर होते. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ झालं नव्हतं. त्यांची बायको ह्वाजाबाई, बुटकी, गप्प, पायात नवे कोरे बूट. बरोबर गाइड अनुजिन. दामदिनच्या शेजारच्या गेरमधली, म्हणजे लोकरी तंबूतली पोरगी, शहरात जाऊन कोरियन शिकून आलेली. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे नेऊन घालायचं काम तिचं.

दरीच्या तोंडाशी गाडी थांबली. समोरच्या उतारावर रानबकऱ्यांचा कळप, पिल्लांसकट. वर कपारीत दाढीवालं गिधाड. असं जुळून येणं वर्षाकाठी एखाद्याच्या नशिबी.

"कुणी दार आपटू नका," अनुजिन कुजबुजली.

दामदिन खाली उतरून चहा पीत होता. मेंग मास्तर हळूच त्याच्या जागेवर चढून बसले आणि बायकोला म्हणाले, "माझा गाडी चालवताना फोटो काढ. मागे बकऱ्या येऊ देत. अगं, अशी नाही, आडवा धर कॅमेरा."

ह्वाजाबाईंनी कॅमेरा आडवा धरला. मास्तरांनी एक हात खिडकीबाहेर टाकला, हनुवटी वर केली, आणि दुसऱ्या हाताचं कोपर टेकवलं ते नेमकं स्टिअरिंगच्या मधोमध. माझ्या बटणावर.

मी ओरडलो. भोंग्याचं बटण दाबल्यावर भोंग्याने काय करावं, विचार करावा?

बकऱ्या गेल्या. पिल्लं गेली. गिधाड गेलं. कडे मेले तीनदा ओ देऊन मोकळे झाले, एरवी कौतुक वाटतं मला त्यांचं. मास्तर सगळ्यांत जास्त दचकले आणि सगळ्यांत आधी बोलले. "आपोआप वाजला. मी हातसुद्धा लावला नाही. गाडी आहे की भंगार?"

हात लावला नव्हता, हे खरंच होतं. कोपर लावलं होतं.

दामदिनने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी सगळी मागची पापं रांगेने उभी होती, लग्नाच्या वरातीसकट. माझ्या बाजूने कोण बोलणार? माझ्याकडे एकच सूर आहे आणि त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. ह्वाजाबाईंनी तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

"ग्वाई, पुरे झालं याचं," अनुजिन भडकून म्हणाली. "आज दिवसभर तोंड बांधा त्याचं."

"आणि वाटेत ओवो लागले की?"

"उतरून प्रदक्षिणा घालू. पाहुण्यांना आवडतं."

दामदिनने माझी वायर उपटली आणि मला फडक्याने आवळलं. हे ओवो म्हणजे खिंडीखिंडीतल्या दगडांच्या राशी, वर निळी रेशमी फडकी. तिथे उतरायचं, तीन प्रदक्षिणा घालायच्या, दगड टाकायचा. घाई असेल तर न थांबता तीनदा भोंगा वाजवला तरी चालतं. डोंगर समजून घेतो. म्हणजे सगळ्या प्रवासात माझं इज्जतीचं काम तेवढं एकच, आणि तेच गेलं.

दुपारी एका उंच टोकावर खुशूर, म्हणजे खिमा भरलेल्या तळलेल्या पुऱ्या, खायला बसले. खाली वाळवंट पसरलेलं. ह्वाजाबाई अनुजिनला म्हणाल्या, "आमच्या स्वयंपाकघरात एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे, कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलेलं. तुमचा तो लाल कडा, सूर्य बुडतानाचा. हे दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ."

"मग आज बघालच, आजी."

"कडा मला पाठ झालाय गं. पण त्या पानाला मधोमध घडी आहे. रंगच उडालाय तिथला. घडीखाली काय आहे ते कधी दिसलंच नाही. तेवढं बघायचंय, त्याच उजेडात. उद्या सकाळी विमान आहे, मग काही येणं होत नाही."

मास्तर खुशूर चावता चावता म्हणाले, "घडीखाली काय असणार? माती." आणि घड्याळ बघून त्यांनी विचारलं, "किती वाजता पोहोचणार?"

दामदिनचा घास थांबला. आमच्याकडे वाटेत हा प्रश्न कुणी तोंडातून काढत नाही. विचारलं की वाट ऐकते आणि लांबते. अनुजिनने मास्तरांना हे समजावलं. ते हसले. जन्मभर गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिलेला माणूस. त्यांना वाटलं, ही थट्टा.

गाडी सुटली आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं. पुढच्या ओवोपाशी दामदिन थांबला, उतरला, आणि प्रश्नाचा दोष जावा म्हणून त्याने तीनच्या जागी सहा प्रदक्षिणा घातल्या. ह्वाजाबाईंनीही घातल्या. मास्तर गाडीत बसून सेकंद मोजत राहिले. उशीर झाला म्हणून त्यांनी विचारलं, विचारलं म्हणून आणखी उशीर झाला.

शेवटी अनुजिनने शक्कल काढली. मास्तरांनी वेळ विचारली की ती दामदिनला, आमच्याकडे ख्यालीखुशाली विचारतात तसं, सांगायची, "ते विचारतायत, तुमची जनावरं धष्टपुष्ट आहेत ना?"

दामदिन बराच वेळ मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "पोरी, हा माणूस दुपारपासून माझ्या जनावरांच्या मागे का लागलाय? घ्यायचीत का त्याला?"

मी मोकळा असतो तर हसून वायर तोडली असती. पण पुढच्या चढावर मास्तरांनी वाकून दामदिनच्या नाकासमोर घड्याळावर बोट आपटलं. त्या खुणेचा अर्थ सांगायला गाइड लागत नाही. पुढच्या ओवोला पुन्हा सहा.

शेवटची खिंड आली तेव्हा सूर्य इतका खाली होता की गाडीची सावली आमच्या मागे उंटांच्या तांड्याएवढी लांब झाली होती. खिंडीत ओवो. दामदिनचा पाय ब्रेककडे गेला.

"ग्वाई, इथे थांबलो तर कड्यावर अंधार मिळेल," अनुजिन म्हणाली.

"न थांबता जाऊ म्हणतेस? मुकाट्याने? उद्या चाक निखळलं की मला विचार."

"काय म्हणतात ते?" ह्वाजाबाईंनी विचारलं. अनुजिनने सगळं सांगितलं; तीनदा वाजवलं असतं तर थांबावं लागलं नसतं, पण सकाळी याचं तोंड बांधलंय.

ह्वाजाबाई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. "मग सोडा ना त्याला," त्या म्हणाल्या.

दामदिन उतरला. फडकं सोडलं, वायर जोडली. ती बसेना, म्हणून खिशातल्या गोळीचा चांदीचा कागद मळून आत कोंबला. मग माझ्या जाळीवर थाप मारून पुटपुटला, "आता माणसासारखा वाग."

माणसासारखा? सकाळपासून माणसासारखं वागणं बघतच होतो मी.

गाडी निघाली. पहिली हाक दिली तर घशात वाळू, खोकल्यासारखी निघाली. दुसरी म्हाताऱ्या बोकडासारखी. मास्तर फिस्सकन हसले. तिसरी मात्र अशी गेली, की निळी फडकी माझ्याच आवाजाने हलली असं मी तुम्हाला सांगितलं असतं, पण वारा होता.

आणि आम्ही न थांबता खिंड ओलांडली.

कड्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य बोटभर उरला होता. ह्वाजाबाई गाडी पुरती थांबायच्या आत उतरल्या आणि नव्या बुटांनी तरातरा कडेला जाऊन उभ्या राहिल्या. कडा पेटायला लागला होता. आधी वरची कड, मग खालच्या घळी, मग सगळंच भट्टीतल्या विटेसारखं लाल. त्यांनी एक डोळा मिटला, हात लांब करून हवेत उभी रेघ ओढली. घडी कुठे होती ते त्या बघत होत्या.

"काय आहे, आजी?" अनुजिन त्यांच्या मागे उभी होती.

"एक झुडूप," ह्वाजाबाई म्हणाल्या. "झाग का काय म्हणता ना तुम्ही, ते. एकटंच आहे. अगं, सावली बघ त्याची, केवढी." आणि त्या हसायला लागल्या, तोंडावर हात ठेवून, लहान पोरीसारख्या.

मास्तरांच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. ते पिशवीत दुसरी शोधत होते. सापडली, घातली, डोकं वर केलं, तेव्हा कडा राखाडी झाला होता.

वाचकहो, आता माझं काय ते सांगून टाकतो. दामदिनच्या मेव्हण्याने शहरातून नवा भोंगा आणलाय. सीटखाली खोक्यात पडून आहे, म्हणे गाणी वाजवतो. बर्फात, धुळीत मी घसा फोडला, आणि डोंगराला आता गाणी ऐकवणार. मला काढा, पण माझ्या खोड्यांसाठी काढा; त्या पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या कोपरासाठी काढू नका. एवढंच मागणं आहे.

पण माझं ऐकतो कोण. त्या संध्याकाळी कड्यावरही मास्तर कॅमेरा हातात घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि अनुजिनला म्हणाले, "ह्यांना सांग, हा भोंगा आजच्या आज काढून टाका. बकऱ्या ह्याने घालवल्या, वेळ ह्याने घालवला, फोटोही ह्याच्यामुळेच गेला."

अनुजिनने सांगितलं. दामदिनने सीटखालचं खोकं ओढलं आणि पान्हा घेऊन माझ्यापाशी वाकला. पहिला बोल्ट सैल झाला.

तेवढ्यात ह्वाजाबाई कड्यावरून परत आल्या. त्यांनी पान्हा पाहिला, खोकं पाहिलं, नवरा पाहिला.

"अनुजिन, त्यांना म्हणावं, भोंगा काढताय तर ह्यांचं कोपरही काढून खोक्यात भरा," त्या म्हणाल्या. "सकाळी फोटो मी काढत होते."