डोंगराची चड्डी

मास्तरांच्या दुकानात कुणी बॉक्सिंगचा विषय काढू नये, आणि काढलाच तर घरी जायची घाई नसावी. समोरच्या बॉक्सिंग क्लबाच्या चड्ड्या आणि झगे पन्नास वर्षं त्यांनीच शिवले होते, त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द आपला, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शब्दही ठरलेला होता: डोंगर तो डोंगर. आजचे हेवीवेट म्हणजे नुसत्या फुगवलेल्या उशा. खायचं मोजून, झोपायचं मोजून, आणि ठोसा मारायचा तोसुद्धा कुणाला तरी विचारून. पूर्वीच्यांना काय असले डोहाळे परवडत होते?

डोंगर म्हणजे क्लबाचा जुना चॅम्पियन. हेवीवेटचा किताब त्यानं सलग सात वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता आणि त्याचा फोटो रिंगच्या बरोबर समोर, अगदी मोक्याच्या जागी होता. आता पंचाहत्तरी उलटलेली. रोज संध्याकाळी काठी टेकत यायचा, इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसायचा आणि स्वतःचं कौतुक परक्या माणसाचं असल्यासारखं ऐकायचा.

सध्याचा चॅम्पियन टॉवर. एकशे अठरा किलो. त्याच्याही चड्ड्या मास्तरच शिवत, कारण टॉवरच्या पोटाची गोष्ट बाहेर जाऊ न देणारा दुसरा शिंपी त्याला ठाऊक नव्हता. ते पोट झाकायला कमरपट्टी चांगली रुंद लागे. माप घेताना टॉवर श्वास रोखून पोट आत ओढायचा आणि मास्तर मुद्दाम टेप हरवल्यासारखं करत उभे राहायचे. बिचारा लालबुंद व्हायचा, पण तोंडातून ब्र काढायचा नाही.

आणि अशात क्लबाच्या सेक्रेटरीला अवदसा आठवली. त्यानं दोन्ही चॅम्पियनांचा तक्ता केला: उंची, हाताची लांबी, वजन. डोंगर, ऐंशी किलो दोनशे ग्रॅम. टॉवर, एकशे अठरा. सेक्रेटरीचं म्हणणं असं, की डोंगर आज असता तर दोन फेऱ्यासुद्धा टिकला नसता; तेव्हा तो फोटो उतरवून तिथं टॉवरचा लावावा. रविवारी सकाळी सभा, हात वर करून मतदान. डोंगराचा फोटो जिन्याखालच्या खोलीत, फडक्या-बादल्यांच्या शेजारी जाणार. वाईट वाटू नये म्हणून त्याची जुनी चड्डी काचेच्या कपाटात ठेवणार होते.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरी पंचाईत वेगळीच होती. सेक्रेटरीचं तोंड एका वाक्यात बंद करील असं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांना देता येत नव्हतं.

डोंगराचं वजन आयुष्यात कधी शहात्तरच्या वर गेलंच नव्हतं.

हेवीवेटमध्ये उतरायला क्लबाच्या नियमानं ऐंशी किलो लागत. डोंगर काही केल्या भरेना. खायचा राक्षसासारखा, पण अंगी लागेल तर शपथ. त्या काळी चड्डीसकट वजन करत. म्हणून मास्तरांनी हुबेहूब सारख्या दोन चड्ड्या शिवल्या. एक रिंगमध्ये घालायची. दुसरी घालून काट्यावर उभं राहायचं. तिच्या कमरपट्टीत सव्वाचार किलो शिशाच्या पट्ट्या. अदलाबदल होऊ नये म्हणून तिला आतून लाल दोऱ्याचा टाका. वजन झालं की डोंगर संडासात जाऊन चड्डी बदलून यायचा. म्हणजे शहात्तर किलोंच्या त्या माणसानं शंभर-शंभर किलोंची धुडं सात वर्षं आडवी केली होती! हे सांगितलं असतं तर जुने मोठे की नवे, हा वाद तिथल्या तिथे मिटला असता. फक्त त्याच दमात सातही किताब रद्द झाले असते. शिवाय डोंगरानं त्यांना शिलाई मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मास्तर मूग गिळून बसले.

शनिवारी क्लबाचा शिपाई चड्डी न्यायला आला तेव्हा मास्तर एका झग्याला अस्तर लावण्यात गुंतले होते. त्यांनी थोरल्या मुलीला सांगितलं, ट्रंकेत डोंगराच्या दोन आहेत, लाल दोरा नसलेली दे. तिला दोन्हींत लाल दोरा दिसला नाही. इतक्या वर्षांत तो विटून कापडाच्या रंगाचा झाला होता. तिनं वरची उचलून दिली.

रविवारी सभेला जाताना तिनं सहज म्हटलं, केवढी जड हो ती चड्डी.

मास्तर रस्त्यातच थांबले. "जड लागली, आणि तू दिलीस?"

"तुम्हीच म्हणता ना, पूर्वीचं कापडच दणकट असायचं."

मास्तर भराभर चालत क्लबात पोचले, पण सभा सुरू झाली होती. चड्डी काचेच्या कपाटात एका बारक्या खिळ्याला लटकत होती आणि तो खिळा हळूहळू मान टाकत होता. डोंगराशेजारी बसलेल्या मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. सेक्रेटरीनं त्यांना हातानंच बसवलं. दोन फेऱ्यांचा मुद्दा रंगात आला असताना खिळा सुटला.

धप्प.

खालची काच तडकली. सगळे कपाटाला नावं ठेवू लागले, सेक्रेटरीनं सुताराचा उद्धार केला. जवळ बसलेल्या टॉवरनं चड्डी एका हातानं उचलली आणि तो तसाच थांबला. मग त्यानं अंगठ्यानं कमरपट्टी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कमरपट्टीत काय काय लपवता येतं, हे त्या सभेत त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघू लागले.

टॉवर चालत डोंगराच्या खुर्चीपाशी गेला, चड्डी त्याच्या मांडीवर ठेवली आणि वाकून हळूच विचारलं, "खरं किती?"

"शहात्तर," डोंगर म्हणाला.

हे तिघांनीच ऐकलं, तिसरे मास्तर. टॉवर सरळ उभा राहिला आणि सभेला म्हणाला, "त्यांचा फोटो आहे तिथंच राहू द्या. माझा लावायचा नाही."

सेक्रेटरीनं कारण विचारलं. टॉवर म्हणाला, मला तसं वाटतं. बस्स, तेवढंच.

मग टाळ्या थांबेनात. काय हा नम्रपणा! सेक्रेटरीचे तर डोळे भरून आले. तो म्हणाला, जुन्या लोकांकडे नुसती ताकद होती, एवढं मोठं मन कुणाकडे होतं? त्यानं तिथंच ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला: डोंगराचा फोटो तसाच ठेवावा, आणि शेजारी टॉवरचा त्याच्या दुप्पट आकाराचा लावावा, नम्रपणाबद्दल.

परत येताना डोंगरानं चड्डी काखेत मारली होती. ओझं होतं, पण कुणाला देईना. मास्तर आपले धुसफुसत होते, की बघ, या पोरानं जाता जाता मनाचा किताबसुद्धा मारला.

"चाळीस वर्षं मी वाट बघतोय," डोंगर मध्येच म्हणाला, "तू हे गुपित कधी फोडतोस त्याची."

"शपथ तूच घातलीस ना?"

"घातली. म्हटलं, शिंपी आहे, वर्षभरात गावभर करील." तो काठी टेकून उभा राहिला. "कुणीतरी एकदा खरं वजन विचारावं, असं फार वाटायचं रे. किताब गेले असते तरी चाललं असतं."

मास्तरांनी चड्डीचं एक टोक धरलं आणि दोघं ती धरून दुकानापर्यंत आले.

बुधवारी टॉवर मापाला आला. सवयीनं त्यानं श्वास रोखला.

"सोड," मास्तर म्हणाले. "इथं कोण बघतंय?"

टॉवरनं श्वास सोडला. मास्तरांनी झटकन माप घेतलं आणि वहीत जे होतं ते लिहिलं. इस्त्रीच्या टेबलाशेजारी डोंगर बसला होता, डोळे मिटून, पण जागा.

"मास्तर," टॉवरनं खालच्या आवाजात विचारलं, "मी यांच्या काळात असतो तर?"

हा प्रश्न विचारायला कुणी यावं म्हणून मास्तरांनी जन्म घालवला होता. सगळी वाक्यं पाठ होती, उशांचंसुद्धा. त्यांनी टेप गळ्यात टाकली, पेन्सिल कानामागे खोचली.

"दोन फेऱ्या टिकला असतास," ते म्हणाले.

इस्त्रीच्या टेबलापासून आवाज आला, "तीन."