खोटारड्यांची ओळ

ओहायोत तेव्हा फटाके विकत मिळायचे, उडवायला मात्र बंदी होती. म्हणून दुकानदारीण कागद पुढे करायची: ‘अठ्ठेचाळीस तासांत माल राज्याबाहेर नेईन.’

“ती खोटारड्यांची ओळ. तिथं ठोका सही,” ती हसली.

मीही हसतच सही केली आणि चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी घरामागेच बाण लावले. एक वाकडा गेला. शेजारच्या वर्नाबाई चर्चमध्ये जेवायला गेल्या होत्या. त्यांचं खुराडं पेटलं. मी पाणी मारेपर्यंत कापसाच्या बोंडांसारखी पिल्लं राख झाली.

सकाळी त्या तिथंच उभ्या होत्या. “पिल्लांच्या उबेचा दिवा मीच जास्त खाली टांगला असणार रे. म्हातारपण, दुसरं काय! लेक म्हणतेच, घर विक, माझ्याकडे ये. आता जाते बाई.”

गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. त्या मात्र घराला मुकल्या असत्या.

“दिवा नव्हता, वर्नाबाई. माझा बाण होता.”

त्या माझ्याकडे वळल्या.

“रात्रभर मी त्या पिल्लांची माफी मागत बसले होते,” त्या म्हणाल्या. “तुला झोप लागली?”

लागली होती.