भिंत बसली

“म्हन, पूर आला.”

“पानी आलं,” सारजा म्हणाली आणि कुकरचं झाकण लावायला वळली.

जोतीरामनं कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून तो बायकोला एवढे दोन शब्द शिकवत होता आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी चाललं होतं. आज बारामतीला विमा कंपनीच्या ऑफिसात तिचा जबाब होता. मागची खोली गेल्यापासून नवरा-बायको पुढच्या खोलीतच रांधत होते आणि तिथंच निजत होते. मधल्या दाराला ताडपत्री बांधली होती. ती दिवसभर फडफडायची आणि जोतीरामचं डोकं उठायचं.

वास्तविक एवढ्या सावध माणसावर ही पाळी यायला नको होती. माळेगावच्या कारखान्यात त्यानं उभी हयात बॉयलरवर काढली आणि निवृत्त होताना जळोचीत घर बांधलं. बांधण्याआधी तो नकाशा बघून आला होता. कऱ्हा नदीच्या पुराच्या दोन रेषा असतात, एक निळी आणि एक लाल. निळीच्या आत घर बांधायचंच नाही, निळी आणि लालच्या मध्ये बांधायचं तर अटी पाळून. जोतीरामची जागा दोन्हींच्या बाहेर निघाली. हे त्यानं मग पाहुण्यारावळ्यांना, दूधवाल्याला, ज्याला त्याला सांगितलं. आणि तरीही विमा उतरवला. आग, वीज, पूर, सगळ्याचा. शेजारचा युवराज तेव्हा म्हणाला होता, “तात्या, डोंगरावर राहून होडी घेताय व्हय?”

पण नदीला रेषा असली तरी घरामागच्या ओढ्याला कुणी रेषा आखलेली नव्हती. वरच्या अंगाला नवं प्लॉटिंग पडलं, त्यांनी ओढ्यात मुरूम टाकून तो निम्म्यानं दाबला. गेल्या पावसाळ्यात वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि अडलेलं पाणी वाट काढत जोतीरामच्या मागच्या दारानं शिरलं. भरदुपारची वेळ. जोतीराम बाजारात, सारजा घरात एकटी. ती जिन्यावर चढून बसली म्हणून वाचली. मागची भिंत गेली आणि तिच्याबरोबर ती खोलीही गेली.

गल्लीत सगळे हळहळत होते तेव्हा जोतीराम मात्र मनातून थोडा ताठ होता. विमा त्याच्या एकट्याचाच होता ना.

कंपनीचा माणूस पाहणीला आला. आता दारी आलेल्या माणसाला चहा तरी द्यायला हवा, म्हणून जोतीराम दूध आणायला कोपऱ्यावर गेला. तेवढ्यात त्या माणसानं सारजेला विचारलं, पूर आला होता का, भिंतीचं काय झालं? सारजेनं त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, “पूर न्हाय ओ, पानी आलं. भिंत बसली. बाकी समदं ठीक हाय.”

त्यानं तेच उतरवून घेतलं, चहा प्यायला आणि गेला.

कंपनीचं उत्तर आलं. घर पूररेषेच्या बाहेर आहे. पूर आला नव्हता असं घरमालकीणच सांगते. भिंत आपोआप बसली, आणि अशा बसण्याला विमा लागू नाही. जोतीरामनं ते दोनदा वाचलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भिंत बसली म्हणजे जमीनदोस्त झाली, हे जळोचीत शेंबड्या पोरालाही कळतं. त्या शहाण्याच्या लेखी मात्र भिंत बसली म्हणजे पाया कच्चा होता, ती हळूहळू दबली, चूक बांधणाऱ्याची.

मग सुरू झाले हेलपाटे. पाटबंधारेवाले म्हणाले, आमच्याकडं नदीची रेषा मिळेल, ओढ्याची नाही. कंपनीवाले म्हणाले, पूर रेषेच्या आतला असो की बाहेरचा, तो आला होता हे शाबीत करा, शेजाऱ्यांचे जबाब आणा. शेजाऱ्यांच्या घरातही गुडघाभर पाणी होतंच. पण युवराजनं त्याला बाजूला घेतलं. युवराजला आपली पलीकडची जागा विकायची होती.

“तात्या, पानी शिरलं म्हनून सही देतो. पूर म्हनू नगा. उद्या निळी रेघ आपल्या दारातनं गेली तर हितं वीट लावता येनार न्हाय. तुमालाबी.”

युवराजचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या रेषेच्या बाहेर असण्याचा त्यानं इतका तोरा मिरवला, तीच आता त्याला दारात यायला हवी होती. ज्यांना कवडीचा विमा नव्हता त्यांनी पूर गिळून टाकला, आणि ज्याला विमा होता त्याच्याच घरात कुणी पूर म्हणेना.

सगळा राग मग निघाला तो सारजेवर. एकदा ताट पुढं असताना तो बोलून गेला, “भिंत पान्यानं न्हाय पडली. तुज्या जिभंनं पाडली.”

सारजेनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

तिचंही काही चुकत नव्हतं. तिच्या आईनं तिला लहानपणापासून शिकवलं होतं की वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात वाईट बोलू नये. बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. असल्या बाईनं, तीही उरलेल्या निम्म्या घरात उभी राहून, घर पडलं म्हणायचं? जोतीरामला हे सगळं ठाऊक होतं. पण पहिली फेरी गेली, दुसरी गेली, आता ही शेवटची सुनावणी होती आणि त्याचा धीर सुटला होता. जबाब फिरला नाही तर ती भिंत कधीच उभी राहणार नव्हती.

ऑफिसात एक तरुण मॅडम होत्या. बोलायला मऊ होत्या. त्यांनी टेबलावर मोबाइल उभा केला आणि सांगितलं की घरात तुम्ही एकट्याच होता, तेव्हा तुमचंच बोलणं धरलं जाईल. काकांनी मध्ये बोलायचं नाही. मग त्या सारजेला म्हणाल्या, “मावशी, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

सारजेनं पदर सारखा केला. जोतीराम खुर्चीच्या टोकाशी येऊन बसला. त्याचे ओठ नकळत हलत होते, पूर म्हन, पूर म्हन.

“डाळ निवडत व्हते,” सारजा म्हणाली. “मागनं आवाज आला. दार उघडलं तर वढा आत आला. मी जिन्यावर चढले.” ती थांबली. मॅडमनी घाई केली नाही. “पूर आला व्हता. ह्यांनी तीस वरसं आगीपुढं काढली, त्या कष्टाचं घर व्हतं. पडलं. आमचं घर पडलं.”

जोतीरामला जे हवं होतं ते सगळं तिनं सांगितलं होतं. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस त्याच्या डोक्यात नुसती भिंत होती, ताडपत्री होती, कंपनी होती. घर पडलं हे त्याच्याही घरात अजून कुणी उच्चारलं नव्हतं. ते आता कानावर आलं. तो कुणावर एवढा चिडला होता तेच त्याला आठवेना.

मॅडमनी मोबाइल हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. रेकॉर्डिंग झालंच नव्हतं.

“सॉरी मावशी. परत एकदा सांगावं लागेल.”

“न्हाय,” जोतीराम म्हणाला. “ती परत बोलनार न्हाय.”

“काका, मग क्लेम पुढं जाणार नाही.”

“न्हाय गेला तर न्हाय. किती वेळा म्हनायला लावताय तिला?”

जोतीराम उठला, पिशवी घेतली. सारजा मात्र जागची हलली नाही. तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“लावा तुमचं ते,” ती मॅडमना म्हणाली. “सुरू झालं का नीट बगा आधी.”

मग ती पहिल्यापासून सांगू लागली, हळू, एकेक शब्द सुटा करत, पाहुण्याला वाट सांगावी तसं. जोतीराम खिडकीशी गेला आणि तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावर एक माणूस मोटरसायकल स्टँडवर लावत होता. ती पुनःपुन्हा कलत होती. सारजेचं बोलणं संपेपर्यंत जोतीराम त्या माणसाकडं बघत राहिला.